टाइमटेबलचं भांडण भाषेवर जाण्याआधी

प्रश्न असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका पदवी महाविद्यालयात तुम्ही यंदापासून भाषा विभागाच्या प्रमुख झालात. खोल्या कमी पडल्या म्हणून नव्या टाइमटेबलमध्ये मराठीचा तास सकाळी पहिला लागला आणि कन्नडचा तिसरा. मराठीचे सर म्हणतात, हे मुद्दाम केलंय. कन्नडचे सर म्हणतात, गेल्या वर्षी पहिला तास आमच्याकडे होता तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता दोघांचं बोलणं बंद आहे, स्टाफरूममध्ये चहाचे दोन गट पडलेत, मुलांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर झेंडे दिसू लागलेत. प्राचार्यांचं म्हणणं, "मॅडम, आपसांत मिटवा, मॅनेजमेंटपर्यंत जाऊ देऊ नका." अशा वेळी प्रमुखाला नेमकं काय यायला हवं, ते शिकता येतं का, आणि वरच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी काय शिकायला हवं, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगाव आणि आसपासच्या महाविद्यालयांत 31 वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली 9 वर्षं विभागप्रमुख होतो आणि पुढे दोन मुदती तक्रार निवारण समितीत काढल्या. उत्तर लांबेल, म्हणून आजचं काम आधी सांगतो. दोघांना समोरासमोर बसवू नका, त्याची वेळ अजून आलेली नाही. उद्याच एकेकाला वेगळं भेटा, तेही तुमच्या केबिनमध्ये बोलावून नव्हे, त्यांच्या जागी जाऊन. आणि स्टेटस टाकणाऱ्या मुलांना नोटीस काढायचा विचार मनात असेल तर तो थांबवा.

घाई का करायची ते सांगतो. आपल्या भागात भांडण जसं सुरू होतं तसं फार दिवस राहत नाही. सोमवारी ते टाइमटेबलचं असतं. गुरुवारपर्यंत कुणीतरी चहाच्या टेबलावर "हे लोक असंच करतात" असं म्हणून गेलेलं असतं. रविवारी गावातल्या एखाद्या कार्यकर्त्याचा प्राचार्यांना फोन येतो. दुसऱ्या आठवड्यात दहा-पंधरा सह्यांचं निवेदन गेटवर येतं, आणि सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते टाइमटेबल पाहिलेलंही नसतं. तोपर्यंत तुमच्या दोन सरांना माघार घ्यायची असली तरी घेता येत नाही, कारण मागे हटणं म्हणजे आपल्या माणसांना सोडणं असा त्याचा अर्थ झालेला असतो. मी पाहिलेल्या बहुतेक वादांत पहिले तीन-चार दिवस हातात होते. ते कुणीतरी "आपोआप थंड होईल" म्हणून घालवले.

भांडण भाषेवर जातं त्यामागे इतिहास आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 ला आला, आणि 2004 पासून या भागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरवर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी. आपल्या वर्गातली मुलं या दोन्हींतून येऊन एकाच बाकावर बसतात. हा प्रश्न विभागप्रमुखाने सोडवायचा नाही, त्याला तो सुटणारही नाही. पण दोन्हीकडची भावना खरी आहे, एवढं मनाशी पक्कं करून मगच कामाला लागा. आपली पाटी, आपलं परिपत्रक आपल्या भाषेत मिळत नाही हे मराठी माणसाचं दुखणं खरं आहे. आपल्याच राज्यातल्या कॉलेजात स्टाफरूमच्या गप्पांत आपण बाहेरचे ठरतो, हे कन्नड सहकाऱ्याचं दुखणंही खरं आहे. यातलं एक तुम्हाला खोटं वाटत असेल, तर मध्यस्थीला दुसरा माणूस शोधा. हे मी स्वतः मराठी असून आणि माझ्या भाषेवर जीव असून सांगतोय.

आता त्या दोघांकडे. त्यांना "तुम्हाला असं का वाटतं?" असं विचारू नका. "का" ऐकला की माणूस बचावाला उभा राहतो. माझा नेहमीचा प्रश्न असा असायचा: "हे टाइमटेबल असंच वर्षभर राहिलं, तर तुमचं नेमकं काय बिघडतं?" विचारलं की थांबायचं. पहिलं उत्तर तत्त्वाचं येतं, अन्यायाचं येतं. ते पूर्ण ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं आणि पुन्हा विचारायचं, "आणि त्याशिवाय?" तिसऱ्या-चौथ्या उत्तराला खरी गोष्ट बाहेर पडते.

तुमच्यासारखाच वाद माझ्याकडे आला होता. एरवी मराठी, कन्नड, हिंदी हे तास एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत चालतात. खोल्या कमी पडल्या की ते फोडावे लागतात आणि मग आधी कोण, नंतर कोण हे सुरू होतं. त्या वेळी मराठीचे सर पहिल्यांदा भाषेच्या अपमानावर बोलले. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "सर, जांबोटी-कणकुंबीची एसटी पावसात कधी वेळेवर येते? माझी निम्मी पोरं पहिल्या तासाला नसतात. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की त्यांना परीक्षेला बसता येत नाही. पुढच्या वर्षी ती मराठी घेणारच नाहीत." थोडं थांबून पुढे म्हणाले, "मला तीन वर्षं राहिली. पोरं कमी झाली की वर्कलोड कमी, वर्कलोड कमी झाला की माझ्यानंतर ही जागा भरायची नाहीत."

त्यांना पोखरणारी भीती ही होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापकाला 14 तास शिकवणं धरलंय. एखाद्या भाषेचे तास त्याखाली घसरले की त्या पदाचं पुढे काय होतं हे आपण सगळे जाणतो. सीमाभागातल्या भाषा विभागांचे कितीतरी वाद वरून अस्मितेचे दिसतात आणि आत तासांचे असतात. अस्मिता खोटी आहे असं मी म्हणत नाही. भाषेचं पद गेलं की त्या कॉलेजातून ती भाषाही जाते, म्हणून तासांची भीती आणि भाषेची माया एकमेकींत गुंतलेली असते. पण तासांवर तोडगा काढता येतो. अस्मितेवर काढायला गेलात तर हात पोळतात.

कन्नडचे सर बैलहोंगलहून ये-जा करायचे. सकाळचा पहिला तास त्यांना कोणत्याही परिस्थितीत नको होता, आणि त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तिचं सकाळचं सगळं आवरूनच त्यांना निघता यायचं. गेल्या वर्षी त्यांनी पहिला तास निमूटपणे घेतला होता आणि त्या वर्षाचा राग साठला होता. "मी बोललो नाही म्हणजे मला त्रास नव्हता असं कसं?" हे ते मला तीनदा म्हणाले.

आता बघा, एकाला एसटीची अडचण, दुसऱ्याला आईची. दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याला पहिल्या तासाला ढकलायचं नव्हतं. पहिला तास आपल्याकडे नको, एवढीच दोघांची गरज होती. मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन बाईंनी 1925 मध्ये अशा वादांबद्दल बोलताना एक साधा प्रसंग सांगितला होता. हार्वर्डच्या ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी होती, बाईंना बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती ती मिळाली आणि बाईंच्या अंगावर वारा येईना. आम्हीही शेजारची खोलीच शोधली. जुन्या इमारतीत खेळाचं सामान भरलेली एक खोली होती. शारीरिक शिक्षणाच्या सरांना मागे पत्र्याची शेड करून दिली, खोली रिकामी केली, आणि दोन्ही भाषा तिसऱ्या तासाला पुन्हा समांतर लागल्या. पहिला तास गावातच राहणाऱ्या मुलांच्या कॉम्प्युटर बॅचला गेला. खर्च शेडचा तेवढा झाला. त्याला मॅनेजमेंट तयार कशी झाली ही वेगळी कथा आहे, पण मराठी आणि कन्नडच्या दोन्ही सरांनी सह्या केलेला एकच अर्ज समोर आला तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही.

तुमच्याकडे अशी खोली असेलच असं नाही. तरी वाचनालयाचा हॉल, प्रयोगशाळेशेजारचा लेक्चर हॉल, काहीही चालेल, हिंडून बघा. ते जमलं नाही तर महिन्याआड अदलाबदल करा, आणि ती लेखी करा.

समोरासमोर बसवायची वेळ दोघांची मूळ गरज तुम्हाला कळल्यावरच येते. तेव्हा भाषेचा प्रश्न उभा राहतो. कुठल्या भाषेत बोलायचं? बहुतेक प्रमुख इंग्रजीचा आसरा घेतात, कारण ती कुणाचीच नाही. मला हे चुकीचं वाटतं. रागातला माणूस परक्या भाषेत बोलू लागला की तो फक्त नियम आणि आरोप बोलतो. "मला वाईट वाटलं" हे इंग्रजीत सांगायला आपल्या पिढीला जमत नाही. मी सुरुवातीलाच सांगायचो, "तुम्ही कन्नडमध्ये बोला, सर मराठीत बोलतील, मला दोन्ही समजतं." आणि एकाचं झालं की त्याचं म्हणणं मी दुसऱ्याच्या भाषेत दोन वाक्यांत मांडायचो: "सरांचं म्हणणं असं आहे… बरोबर ना सर? काही राहिलं?" या एका सवयीने जितकं काम केलं तितकं कुठल्याच प्रशिक्षणाने केलं नाही. आपलं बोलणं समोरच्याच्या भाषेत, न वाकवता, न तासता गेलेलं माणूस स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि खांदे सैल सोडतो. तुम्हाला कन्नड तितकं येत नसेल तर दोन्ही भाषा येणारा, दोघांनाही मान्य असलेला सहकारी बरोबर घ्या. शिपायाला किंवा विद्यार्थ्याला दुभाष्या करू नका.

शब्दांकडे फार बारीक लक्ष ठेवा. "तुम्ही लोक" हा शब्द निघाला की तिथेच थांबवायचं: "लोक नको सर, या खोलीत आपण तिघंच आहोत." एकेरी-आदरार्थीचे गैरसमजही आपल्याकडे फार होतात. पुण्याकडून नव्याने आलेल्या एका मॅडमना इथल्या सहकाऱ्याचं "बर्री मॅडम, कुंद्री" हे उद्धट वाटलं होतं. कन्नडमधला तो 'री' मानाचा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उलट बाजूने, मराठी शिकत असलेला कन्नड माणूस घाईत "तू" म्हणून जातो आणि त्याच्या मनात काहीच नसतं. आपल्या स्टाफरूममध्ये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शिकलेले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले शेजारी-शेजारी बसतात. हेडशी कसं बोलायचं, बैठकीत किती बोलायचं, ज्येष्ठांसमोर "नाही" कसं म्हणायचं याच्या सवयी वेगळ्या आहेत. त्या आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या.

माझ्या हातून झालेली एक मोठी चूक इथे सांगायलाच हवी, कारण तुम्ही आज तिच्या अगदी जवळ उभ्या आहात. प्रमुख झालो त्या वर्षी एका सहकाऱ्याने अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासून द्यायला दहा दिवस उशीर केला. मुलांचे मार्क अपलोड करायची तारीख जवळ आली होती. मी इंग्रजीत मेमो टाइप करून शिपायाच्या हाती पाठवला. त्यांचं टेबल माझ्या केबिनपासून चाळीस पावलांवर होतं. दुसऱ्या दिवशी सात पानी उत्तर आलं, प्रत प्राचार्यांना आणि मॅनेजमेंटला. पुढे त्यांच्या समाजाचे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले, माझ्याही बाजूने काही उभे राहिले, आणि उशिरा आलेल्या पेपरांचा विषय कुठल्याकुठे गेला. दोन वर्षं आम्ही एका व्हरांड्यातून जात होतो आणि बोलत नव्हतो. त्या दहा दिवसांत त्यांची पत्नी हॉस्पिटलमध्ये होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "सर, त्या मेमोवर तुमची सही पण नव्हती. नुसतं इनिशियल होतं." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. पेपरचा उशीर ही कारवाईची बाब होती, हे मी आजही म्हणेन. पण कागद ही दुसरी पायरी असायला हवी होती. आधी माणूस जातो, मग कागद. आणि कागद गेलाच तर तो पूर्ण सहीचा, समजेल अशा भाषेतला, आणि स्वतःच्या हाताने दिलेला असावा.

मुलांच्या तक्रारींबद्दल थोडं. 2022 च्या डिसेंबरात सीमेवर तणाव वाढला, दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबल्या. 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झालं. चंदगड, शिनोळीकडून बेळगावला येणारी मुलं अशा वेळी अडकतात आणि त्यांच्या अंतर्गत चाचण्या बुडतात. शिक्षक म्हणतात, एकाला पुन्हा परीक्षा दिली तर उद्या सगळे मागतील. मुलं म्हणतात, आम्ही महाराष्ट्राचे म्हणून असं करता. खरं तर दोघांना हवा असतो एकच आधीपासून ठरलेला नियम: बस बंद असल्याचं परिवहन खात्याने जाहीर केलं असेल तर त्या मार्गावरच्या सगळ्या मुलांना, कोणत्याही भाषेच्या, आठवड्याच्या आत पुन्हा चाचणी. घटना घडल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी बाजूचा दिसतो. शांततेच्या महिन्यात केलेला तसा दिसत नाही. तुम्ही हा नियम आत्ताच करून ठेवा.

यूजीसीने 2023 मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम नव्याने काढले. समितीत अध्यक्षासह पाच प्राध्यापक, त्यांत महिला आणि मागास वर्गाचं प्रतिनिधित्व, शिवाय विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. तक्रार आल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा. विद्यार्थ्याचं समाधान झालं नाही तर तो 15 दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाऊ शकतो, आणि लोकपालाने 30 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा. नियम चांगले आहेत. प्रत्यक्षात मात्र अर्ज घेतला आणि पोच दिली नाही, इथेच मूल बिथरतं. तारीख-शिक्क्याची पोच आणि "अमुक दिवशी तुला बोलावू" हे वाक्य, एवढ्याने गेटवरचे निम्मे घोळके कमी होतात असा माझा अनुभव आहे. शिक्षकांना तक्रार हा अपमान वाटतो, हेही समितीने सांभाळावं लागतं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना ती व्हरांड्यात ऐकायला मिळण्याआधी समितीकडून समजली पाहिजे.

आता एक गोष्ट मी कडक शब्दांत सांगणार आहे. सगळी भांडणं मिटवायची नसतात. लैंगिक छळाची तक्रार आली तर "आपसांत मिटवा" हा शब्दही काढायचा नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात, आणि चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. चौकशीआधी समेट होऊ शकतो, पण तो फक्त तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. रॅगिंगचे 2009 चे नियमही असेच स्पष्ट आहेत. जातिवाचक अपमान हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, तो "गैरसमज" म्हणून बंद करायचा अधिकार प्रमुखाला नाही. आपल्याकडे घराण्याची अब्रू, कॉलेजचं नाव, नॅकची (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची) भेट जवळ आलीय अशी कारणं देऊन मुलींना गप्प बसवलेलं मी पाहिलंय. त्या वेळी मी जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललो नाही, आणि त्याची मला लाज वाटते. समेटाचं कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याच्यावर ते कुठे वापरायचं नाही याची जबाबदारी जास्त आहे.

ताकद असमान असली की समेटात घोळ होतो, हे कमी गंभीर बाबींतही खरं आहे. तुमच्या विभागात अतिथी व्याख्याते असतील. दरवर्षी नव्याने नेमणूक, ठरलेल्या तासांवर मानधन, सुट्टीत काही नाही. भर बैठकीत "कुणाला काही अडचण?" असं विचारून त्यांच्याकडून उत्तर येणार नाही. गप्प बसलेल्यांचा होकार धरू नका. मी त्यांना वेगळं भेटायचो, आणि त्यांनी सांगितलेलं त्यांचं नाव न घेता बैठकीत माझा मुद्दा म्हणून मांडायचो. टाइमटेबलमधला सगळ्यात वाईट तास बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येतो. तुमच्या या वादातही बघा, दोघांचं समाधान करताना तो पहिला तास अतिथी मॅडमच्या गळ्यात जाणार नाही ना.

वादात वागायच्या पाच पद्धती थॉमस आणि किलमन या दोन अभ्यासकांनी 1974 मध्ये मांडल्या. आपलंच रेटणं, सोडून देणं, टाळणं, मधला मार्ग काढणं, दोघांचंही साधेल असं शोधणं. प्रशिक्षणांत शेवटचीच खरी असं शिकवलं जातं. मला ते पटत नाही. परीक्षा हॉलमध्ये कॉपी सापडली तर रेटावंच लागतं. केबिन कुणाला हा वाद असेल तर सोडून द्या, तुमचं काही जात नाही. आणि 1 नोव्हेंबरच्या आठवड्यात भाषेशी दुरूनही संबंध असलेली बैठक ठेवूच नका, तिथे पुढे ढकलणं हाच शहाणपणा आहे.

वरच्या खुर्च्यांबद्दल विचारलंत. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये धारवाडपासून वेगळं झालं, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) 1998 पासून इथेच आहे, शिवाय खासगी संस्थांचं मोठं जाळं. कुलगुरू, दोन कुलसचिव, सिंडिकेट, संलग्न कॉलेजचे प्राचार्य आणि त्यांच्या मॅनेजमेंट, इतक्या सत्ता एका निर्णयावर असतात की वाद झाला की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. त्यांनी दोन गोष्टी शिकल्या तरी खूप होईल.

पहिली, गेटवर मोर्चा आला की स्वतः खाली उतरणं. निवेदन कुठल्याही भाषेत असो, ते हातात घेऊन मुलांसमोर वाचणं आणि "हे माझ्या हातात आहे, हे नाही, आणि पहिल्याचं उत्तर अमुक तारखेला पाच वाजता नोटीस बोर्डवर लागेल" असं सांगणं. उत्तर त्या दिवशी लागलं नाही तर पुढच्या वेळी ते खाली उतरूनही उपयोग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे निर्णयाआधी मसुदा दाखवणं. टाइमटेबल, परीक्षेच्या ड्युट्या, खोल्या, ओरिएंटेशनला कोण जाणार, हे सगळं कच्च्या रूपात चार दिवस बोर्डवर राहू द्या, वाटप कुठल्या नियमाने केलं ते खाली लिहा, दोन्ही भाषांत. तुमच्या प्राचार्यांनी हे ऑगस्टमध्ये केलं असतं तर आज तुम्हाला हे विचारायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

हे सगळं शिकता येतं का? येतं, पण व्याख्यान ऐकून नाही. माझे वडील गावच्या देवस्थान पंच कमिटीत होते. बांधाच्या, पाण्याच्या वादांत ते आधी शेतावर जाऊन बांध पायांनी मोजायचे, मग चावडीवर बसायचे. जागा बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी त्यांच्याकडून घेतलं. त्या पंचांत बायका नव्हत्या आणि तरुणांना बोलायची मुभा नव्हती, ते मात्र मी घेतलं नाही. तुम्ही एक कन्नड आणि एक मराठी अशी सहकाऱ्यांची जोडी करा आणि छोट्या वादांत, प्रोजेक्टरच्या, ड्युटीच्या, दोघं मिळून मध्यस्थी करायची सवय लावा. वर्षाकाठी एक दिवस खोटा वाद घेऊन भूमिका बदलून बसवा. मराठीच्या सरांना कन्नडच्या सरांची बाजू मांडू द्या, त्यांच्याच भाषेत, मोडकीतोडकी का होईना. सुरुवातीला हशा होतो. थोड्या वेळाने खोली शांत होते.

आता तुमचा आठवडा. आधी कन्नडच्या सरांकडे जा. तुम्ही मराठी आहात, तुम्ही पहिल्यांदा कुठल्या टेबलाकडे वळता याकडे सगळ्या स्टाफरूमचं लक्ष असणार. त्यांना गेल्या वर्षीच्या पहिल्या तासाबद्दल विचारा, ते कुणी विचारलेलं दिसत नाही. त्याच दिवशी दुपारी मराठीच्या सरांकडे, हजेरीचं रजिस्टर बरोबर घेऊन. एसटी किती दिवस उशिरा आली ते दोघं मिळून बघा. स्टेटसवाल्या मुलांतल्या दोन-तीन जणांना वर्गाबाहेर, सहज बोलतोय असं भेटा आणि टाइमटेबल बदलायचं काम सुरू आहे एवढं सांगा. प्राचार्यांकडे मागायचं ते हे: दहा दिवस, बाहेरून येणाऱ्या फोनना त्यांनी स्वतः दिलेलं एकच उत्तर, आणि इमारतीतल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. तोडगा निघाला की तो एका पानावर दोन्ही भाषांत लिहा, दोघांच्या पूर्ण सह्या घ्या आणि खाली पुन्हा बसायची तारीख टाका. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार बरा पडेल, तो 1 नोव्हेंबरच्या आठवड्यात येत नसेल तर. तोवर गावाकडची मुलं हजेरीला परतलेली असतात.